देणारा हात

टाळी एका हाताने वाजत नाही, असे आपण नेहमी म्हणतो. परंतु लाचलुचपतीचा विषय निघाला की आपली नजर घेणाऱ्या हातावरच खिळते. देणारा हात श्रीमंत देशातील नामांकित कंपनीचा असेल, तर तो सहसा कोणास दिसतच नाही. हा दुसरा हात न्यायासनासमोर आणला तो आफ्रिकेतील लेसोथो या चिमुकल्या राष्ट्राने. ती हकीकत थोडक्यात सांगावी, असे आम्हांस वाटते.

लेसोथो हा चोहोबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला डोंगराळ, गरीब देश. पाणी हेच त्याचे मोठे धन. ते शेजाऱ्यास विकण्यासाठी १९८६ साली उभय देशांत करार झाला आणि पुढे काट्से येथे १८५ मीटर उंचीचे धरण उभे राहिले. या योजनेचे मुख्य अधिकारी होते मासुफा सोले. त्यांच्या स्विस बँकांतील खात्यांचे कागद हाती आले, तेव्हा परदेशी कंपन्यांचा पैसा मध्यस्थांमार्फत त्यांच्याकडे पोचल्याचे उघड झाले. २००२ साली सोले यांना कारावासाची शिक्षा झाली.

येथवरची गोष्ट नेहमीचीच. परंतु लेसोथो तेवढ्यावर थांबला नाही. खटल्यांचा खर्च त्याला जड होता, तरीही त्याच वर्षी कॅनडाची एकर्स आणि २००३ साली जर्मनीची लाहमेयर या कंपन्या तेथील न्यायालयात दोषी ठरल्या. आपण प्रतिनिधीस केवळ त्याच्या कामाचा मोबदला दिला, हा एकर्सचा बचाव टिकला नाही. जागतिक बँकेला आरंभी एकर्सविरुद्धचा पुरावा अपुरा वाटला होता. तिनेही २००४ साली एकर्सला व २००६ साली लाहमेयरला काही वर्षांसाठी आपल्या कामांतून वगळले.

या निकालांचे मोल कळण्यास एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अमेरिकेने परदेशात लाच देणे १९७७ सालीच गुन्हा ठरवले होते. जर्मनीत मात्र अशी लाच १९९९ पर्यंत धंद्याचा खर्च म्हणून करातून वजा करता येई!

आपल्याकडे २०१३ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांस नफ्याचे दोन टक्के समाजकार्यासाठी राखावयास सांगितले, आणि २०१८ साली लाच देणाऱ्या व्यापारी संस्थेसही शिक्षेची तरतूद झाली. यांतली दुसरी गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. दोन टक्क्यांतून शाळा, दवाखाने अवश्य व्हावेत. पण मूळ नफा कोणत्या वाटेने आला, हा प्रश्न समाजाने आधी विचारला पाहिजे. लेसोथोने तो विचारला.