उमरखाडीचा उंबरठा : मुंबईतील बालसंरक्षणाच्या न्यायप्रक्रियेचा इतिहास

मूल निराधार आहे का, किंवा आईबाप असूनही त्याने त्यांच्याजवळ राहणे धोक्याचे आहे का, हे कोणी आणि किती दिवसांत ठरवायचे, याची सर्वांगीण तरतूद मुंबई इलाख्यात पहिल्यांदा झाली ती १९२४ च्या बालक अधिनियमाने. तेव्हापासून आजच्या बाल कल्याण समितीपर्यंतचे अंतर सुमारे शंभर वर्षांचे आहे. एवढ्या काळात कायदे चार-पाच वेळा बदलले आणि संस्थांच्या दारावरच्या पाट्या त्याहून अधिक वेळा. मुलांच्या दृष्टीने खरे प्रश्न दोनच होते. चोरी करताना सापडलेले मूल आणि टाकून दिलेले मूल एकाच दाराने आत जाणार का? आणि आत गेल्यावर निकाल लागेपर्यंत त्याने किती दिवस ताटकळायचे?

या कायद्याआधी पोरक्या मुलांची काळजी घेतली जात नव्हती असे नाही. ती घेतली जाई, पण न्यायालयाबाहेर. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत याला त्यांनी पुढे दत्तक घेतले. १८७५ मध्ये पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या आश्रयाने टाकलेल्या अर्भकांसाठी आश्रम सुरू झाला. त्यासाठी पुढाकार घेणारे लालशंकर उमियाशंकर हे स्वतः न्यायखात्यातले होते, तरी हे काम त्यांनी न्यायासनावरून केले नाही, वर्गणी गोळा करून केले. त्या काळी मुलाचे भवितव्य ठरवण्याची रीत हीच होती. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि बायका केडगावला आणल्या तेव्हाही कोणा न्यायाधीशाच्या हुकमाची गरज पडली नाही.

न्यायालयाला मुलाची आठवण होई ती मुख्यतः दोन निमित्तांनी. मुलाच्या नावावर वाडा, शेत किंवा दागिने असले की पालक नेमण्याचा अर्ज पडे. १८९० चा पालक व पाल्य अधिनियम वाचायला सर्व मुलांचा असला, तरी जिल्हा न्यायालयात त्याखाली येणाऱ्या कज्जांत मिळकतीचा भाग मोठा असे. ज्याच्यामागे मिळकत नाही असे मूल बहुधा मॅजिस्ट्रेटपुढे येई, आणि तेही पोलिसाने धरून आणलेले. १८५० च्या उमेदवारीच्या कायद्याने १० ते १८ वर्षांच्या अनाथ किंवा किरकोळ गुन्हा केलेल्या मुलाला कारागिराकडे करारावर कामाला लावण्याची सोय केली होती. अनाथ आणि गुन्हेगार हे एकाच कलमाच्या छायेत बसवण्याची सवय इथूनच लागली. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. १८७६ मध्ये आणि पुन्हा १८९७ मध्ये सुधारशाळांचे कायदे झाले, येरवड्यालाही अशी शाळा चालली. हे कायदे शिक्षा झालेल्या मुलग्यांपुरते होते. मुलींचा त्यांत विचारच नव्हता, आणि काही गुन्हा न करता रस्त्यावर आलेल्या मुलाला तिथे प्रवेश नव्हता. आसरा हवा तर आधी अपराध हवा, असा हा उफराटा न्याय होता.

तो बदलण्याची निकड तुरुंगांच्या चौकशीतून पुढे आली. सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय तुरुंग समितीने १९१९-२० मध्ये मुलांसाठी वेगळी न्यायालये आणि खटला चालू असताना ठेवण्यासाठी वेगळी गृहे असावीत अशी शिफारस केली. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबईने १९२४ मध्ये आपापला बालक अधिनियम केला. तिन्हींवर इंग्लंडच्या १९०८ च्या बालक कायद्याची छाप होती. मध्य प्रांत व वऱ्हाडात असा कायदा १९२८ मध्ये झाला आणि हैदराबाद राज्यात थेट १९५१ मध्ये. आजच्या महाराष्ट्रातले नागपूरचे, औरंगाबादचे आणि मुंबईचे मूल त्यामुळे बराच काळ तीन वेगवेगळ्या कायद्यांच्या राज्यात राहत होते.

मुंबईच्या कायद्याने एक नवी गोष्ट आणली. गुन्हा केला नसला तरी मुलाला बालन्यायालयापुढे आणता येऊ लागले. भीक मागणारे, घरदार नसलेले, आईबाप तुरुंगात असलेले, दारुड्या किंवा गुन्हेगार पालकाच्या ताब्यात असलेले, वेश्यावस्तीत राहणारे, अशी ती यादी होती. न्यायालय त्याला प्रमाणित शाळेत पाठवू शके किंवा ‘योग्य व्यक्ती’च्या स्वाधीन करू शके. ‘योग्य व्यक्ती’ हा शब्द माणसासाठी होता, पण व्यवहारात ही व्यक्ती बहुतेकदा एखादी संस्था असे, आणि सरकारी कागदांत ‘योग्य व्यक्ती संस्था’ हे गमतीदार नाव पुढे कित्येक वर्षे टिकले. यादी नीट वाचली तर तिच्यात मुलापेक्षा आईबापांचेच वर्णन जास्त आढळते. घर कसे नसावे हे कायद्याने बारकाईने सांगितले. ते घर सावरायला काय मदत द्यावी याबद्दल मात्र तो जवळजवळ गप्प राहिला. गरिबी आणि हयगय यांतली सीमारेषा पुसट राहिली ती इथेच.

कायदा झाला तरी तो राबवणारी माणसे आणि जागा हवी होती. त्यासाठी १ मे १९२७ रोजी मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. तिच्याकडे उमरखाडीचे रिमांड होम आले. डोंगरी भागातली ही जागा म्हणजे जुना तुरुंग. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांनी डोंगरीच्याच तुरुंगात १०१ दिवस काढले होते, आणि आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. संपादकांच्या वाट्याला आलेल्या त्या भिंती चाळीसेक वर्षांनी आसऱ्याला आलेल्या मुलांच्या वाट्याला आल्या. रिमांड होम म्हणजे तुरुंग नव्हे, हे सोसायटी आणि न्यायालय सांगत राहिले, पण शहराने ते फारसे मनावर घेतले नाही. ‘रिमांड होममध्ये टाकीन’ ही धमकी चाळींतून रुळली, ती उगाच नाही.

या व्यवस्थेचा कणा होता परिवीक्षा अधिकारी. मूल आले की तो पत्ता काढायचा, गृहभेट द्यायचा, शेजारीपाजारी आणि शाळेत विचारायचा, आईबापांची कमाई, व्यसने, आजार यांची नोंद करायचा आणि चौकशी अहवाल न्यायालयापुढे ठेवायचा. मॅजिस्ट्रेटच्या हाती असलेला पुरावा म्हणजे मुख्यतः हा अहवाल. पोलीस आणि वकील यांच्या भाषेहून वेगळी अशी एक भाषा त्यामुळे कोर्टात आली. असे काम शिकवण्याची सोय मुंबईतच झाली. नागपाड्यात वस्तीसेवेचे केंद्र चालवणारे क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले, तेच आजचे टाटा सामाजिक विज्ञान संस्थान. दुसऱ्याच वर्षी तिथे बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले आणि ‘हे पोर असे का वागते’ हा प्रश्न नीतीच्या खात्यातून निघून मानसशास्त्राच्या खात्यात जमा होऊ लागला.

आईबापांचे या कोर्टाशी नाते दुहेरी होते. काहींकडून मूल काढून घेतले जाई, तर काही स्वतःच मुलाला घेऊन येत. हाताबाहेर गेलेल्या मुलाबद्दल पालकानेच न्यायालयाकडे अर्ज करावा अशी तरतूद होती. घरी खायला नाही, बाप गिरणीच्या पाळीत, आई धुणीभांडी करायला, आणि पोरगा दिवसभर धक्क्यावर. अशा घरांना बालन्यायालय हा फुकटच्या वसतिगृहाचा दरवाजाही वाटे. कायद्याला मात्र ‘पोर आवरत नाही’ हेच शब्द ऐकू येत, ‘पोसवत नाही’ हे नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या मुंबई बालक अधिनियमाने जुना कायदा नव्याने लिहिला आणि तो टप्प्याटप्प्याने अधिक जिल्ह्यांना लागू झाला. उंबरठा मात्र एकच राहिला. खिसा कापणारा आणि हरवलेला, दोघेही त्याच बालन्यायालयापुढे उभे राहत आणि निकालापर्यंत बहुधा त्याच रिमांड होममध्ये झोपत. केंद्रशासित प्रदेशांसाठी झालेल्या १९६० च्या कायद्याने उपेक्षित मुलांसाठी बालकल्याण मंडळ आणि अपराधी मुलांसाठी बालन्यायालय अशी फाळणी केली होती. महाराष्ट्राला त्यासाठी आणखी सत्तावीस वर्षे थांबावे लागले.

ही दिरंगाई चव्हाट्यावर आणली ती पत्रकार शीला बारसे यांनी. देशभरच्या तुरुंगांत डांबलेल्या मुलांविषयीच्या त्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या ऑगस्टमध्ये आदेश दिले आणि सर्व राज्यांसाठी एकच कायदा करावा असे संसदेला सुचवले. त्यांचे दुसरे प्रकरण थेट मुंबईचे होते. मानखुर्दच्या नव्या निरीक्षणगृहातल्या मुलांच्या स्थितीबद्दल त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने तेच याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि काही आदेश दिले. ते अपुरे वाटल्याने बारसे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २० डिसेंबर १९८६ च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की निरीक्षणगृहात मुलाला फार काळ ठेवू नये, ठेवलेच तर त्याला शिक्षणात आणि उपयोगी कामात गुंतवावे, आणि बालन्यायालयाचा न्यायाधीश मुलांना समजून घेणारा असावा. चिल्ड्रन्स एड सोसायटी ही खासगी संस्था असल्याचा पडदाही या निकालाने दूर केला. तिचे पदसिद्ध अध्यक्ष राज्याचे मुख्यमंत्री, पैसा सरकारचा, तेव्हा घटनेच्या दृष्टीने ती ‘राज्य’च आहे असे ठरले. मुलगा सरकारच्या ताब्यात असूनही जबाबदारी सोसायटीची, ही पळवाट त्यामुळे बंद झाली. या संपूर्ण इतिहासात मुलांच्या बाजूने लागलेला हा बहुधा सर्वांत उपयोगी निकाल असावा.

त्याच वर्षी संसदेने बाल न्याय अधिनियम केला. तो २ ऑक्टोबर १९८७ पासून अमलात आला आणि राज्यांचे बालक अधिनियम इतिहासजमा झाले. ‘उपेक्षित’ मुलासाठी बालकल्याण मंडळ, ‘अपराधी’ मुलासाठी बालन्यायालय, मदतीला दोन मानद समाजसेवक. कागदावर उंबरठे दोन झाले. पण मुलाचे वय मुलग्यासाठी १६ पर्यंत आणि मुलीसाठी १८ पर्यंत धरले गेले, म्हणजे सतरा वर्षांचा मुलगा अजूनही प्रौढांच्या कोर्टात जात होता. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. मुलाला आईबापांपासून तोडायचे तर ते त्याच्या हिताचे आहे हे योग्य प्रक्रियेने सिद्ध व्हावे, हे त्यातले सूत्र. १९९६ मध्ये मुंबईत टाटा संस्थानातून १०९८ ही मुलांची दूरध्वनी सेवा निघाली. मुलापर्यंत पहिल्यांदा पोहोचणारा माणूस पोलीसच असला पाहिजे, ही सक्ती तेव्हापासून व्यवहारात सैल झाली.

१ एप्रिल २००१ पासून लागू झालेल्या २००० च्या अधिनियमाने मुलगा-मुलगी दोघांचेही वय १८ केले आणि शब्दही बदलले. ‘उपेक्षित’च्या जागी ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’, ‘अपराधी’च्या जागी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’. शब्दांचा हा फेरफार सरकारी वाटला तरी पोकळ नव्हता. ज्याला काळजी हवी त्या मुलाचा निर्णय आता जुन्या बालकल्याण मंडळाकडे राहिला नाही. अध्यक्ष आणि चार सदस्य यांची बाल कल्याण समिती मॅजिस्ट्रेटचे अधिकार वापरून तो करू लागली, आणि तिच्यात निदान एक स्त्री असणे बंधनकारक होते. कोणत्याही धर्माच्या जोडप्याला धर्मनिरपेक्ष कायद्याखाली दत्तक घेण्याची वाट याच अधिनियमाने उघडली. तोवर ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी घरांना केवळ पालकत्वाचा आदेश मिळे.

मुदती कडक झाल्या २०१५ च्या अधिनियमाने. सापडलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत समितीपुढे आणायचे, सामाजिक तपासणी १५ दिवसांत आटोपायची आणि पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांच्या आत अंतिम आदेश द्यायचा. दोन वर्षांपर्यंतच्या अनाथ किंवा सोडून दिलेल्या बाळाला दत्तकासाठी मुक्त घोषित करण्याची मुदत दोन महिने, त्याहून मोठ्या मुलासाठी चार. मूल स्वेच्छेने सोपवणाऱ्या आईबापांनाही फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, हे तत्त्वही याच कायद्यात स्पष्ट लिहिले गेले.

ते तत्त्व महाराष्ट्रात आधीपासून एका योजनेत रांगत होते. बालसंगोपन योजनेखाली मुलाला बालगृहात न धाडता एकट्या आईकडे, आजीकडे किंवा नातेवाइकाकडे ठेवायचे आणि त्याच्या खर्चासाठी दरमहा रक्कम द्यायची. मंजुरीचा आदेश बाल कल्याण समितीच देते. ही रक्कम दीर्घकाळ ४२५ रुपये होती, कोविडमध्ये पालक गमावलेल्या मुलांचा प्रश्न उभा राहिल्यावर ती वाढत गेली आणि २०२३ मध्ये २,२५० रुपयांवर पोहोचली. १९२४ च्या यादीत ज्या गोष्टीला जागा नव्हती, त्या ‘पोसवत नाही’ला मिळालेले हे उशिराचे उत्तर आहे. रक्कम आजही तुटपुंजीच म्हणावी लागेल.

सर्वांत अलीकडचा बदल दत्तकाच्या शेवटच्या सहीबद्दल आहे. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून काढून जिल्हाधिकाऱ्याकडे दिला, आणि ही तरतूद १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली. न्यायालयांतला तुंबारा कमी व्हावा हा त्यामागचा उद्देश. पण आधीपासून चालू असलेल्या प्रकरणांच्या फायलीही जिल्हाधिकारी कार्यालयांकडे निघाल्या, तेव्हा दत्तक घेऊ पाहणाऱ्या पालकांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन प्रलंबित प्रकरणे न्यायाधीशांकडेच ठेवली.