पाणी एकाकडे, तहान आठांना

गोष्ट 2008 सालची. डोंबिवली पूर्वेला दोन खोल्यांत आमचे अॅनिमेशनचे काम चाले. आठ संगणक, एक जाहिरात आणि तिच्यात दहा सेकंदांचा धबधबा. सोमवारी सकाळी तो ठाण्याच्या ग्राहकाला दाखवायचा होता. रविवारी रात्री चालवून पाहिला, तर पाणी लुकलुकत होते! क्षणभर दिसे, लगेच नाहीसे होई.

टीव्हीसाठी सेकंदाला 25 चित्रे लागतात. दहा सेकंदांची झाली 250. एका चित्राला वीस मिनिटे धरली, तर एकट्या संगणकाला साडेतीन दिवस हवेत. आठांत वाटली, की साडेदहा तासांत काम होते. यालाच नेटवर्क रेंडरिंग म्हणतात.

पाण्याचे मात्र तसे नाही. थेंब आता कुठे आहे, हे तो मघाशी कुठे होता यावर ठरते. हे गणित क्रमानेच करावे लागते, त्यामुळे ते असे वाटून देता येत नाही. म्हणून एक संगणक आधी पाण्याची सगळी हालचाल मोजतो आणि फायलींत साठवून ठेवतो. या साठ्याला ‘कॅश’ म्हणतात. रोख रकमेशी त्याचा संबंध नाही, पण मोल तेवढेच! मग बाकीचे संगणक तो वाचून चित्रे काढतात.

आमचा साठा एका संगणकाच्या डी ड्राइव्हवर होता. प्रत्येकाला पत्ता दिला ‘डी ड्राइव्ह’. प्रत्येकाने आपापला डी ड्राइव्ह उघडला आणि तो निघाला रिकामा. गल्लीचे नाव न लिहिता नुसते ‘घर क्रमांक पाच’ लिहावे, तसे झाले. दर आठव्या चित्रात पाणी, मधली सात कोरडी.

हा प्रश्न जुनाच. 1982 साली अमेरिकेत सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी निघाली. तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. या कंपनीने 1984 मध्ये ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’ आणली. दुसऱ्या यंत्रावरचे फोल्डर आपल्याच यंत्रावर असल्यासारखे वापरता येऊ लागले. ही रीत कंपनीने इतरांनाही खुली केली. 1995 चा ‘टॉय स्टोरी’ हा पूर्णपणे संगणकावर घडलेला पहिला मोठा चित्रपट. त्याची चित्रे सनच्याच 117 यंत्रांनी काढली. पुढे धूर-ढगांचे साठे अवाढव्य होऊ लागले. तेव्हा ड्रीमवर्क्सने 2012 मध्ये ‘ओपनव्हीडीबी’ सर्वांना मोफत दिले. धूर असेल तेवढीच जागा ते नोंदवते, रिकामी सोडून देते. त्यामुळे फायली हलक्या होतात आणि तारेवरचा भारही कमी होतो.

आम्ही त्या रात्री साठा एका सामाईक फोल्डरमध्ये हलवला, पत्त्यात त्या संगणकाचे नाव घातले आणि बाकी सातांना वाचण्याची परवानगी दिली. सोमवारी ग्राहकापुढे हात जोडले. दुपारी भारनियमनात वीज गेली, तेव्हा अर्धवट राहिलेली चित्रेच तेवढी वाया गेली. साठा डिस्कवर शाबूत होता. मंगळवारी धबधबा अखंड कोसळला.

आज दूरदेशीची शेकडो यंत्रे तासाच्या भाड्याने मिळतात. तरी काम सोडण्यापूर्वी मी सवयीने दुसऱ्या यंत्रावर बसतो आणि ती फाइल तिथून उघडते का, हे पाहतो. दोन मिनिटे लागतात.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)