बंद दरवाजासमोरची माणसं

दांडीयात्रेची तारीख शाळेत पाठ करून घेतात, १२ मार्च १९३०. त्याच्या दहाच दिवस आधी आपल्या नाशकात काय सुरू झालं, ते मात्र फारसं कुणी विचारत नाही.

२ मार्चला, रविवारी, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारोंचा मोर्चा पंचवटीत काळाराम मंदिरापाशी आला. मागणी साधी होती, आम्हालाही आत येऊ द्या. पण दरवाजे बंद होते. मोर्चा शांतपणे गोदेच्या घाटाकडे वळला, तिथे सभा झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांसमोर माणसं बसली. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ बायका होत्या. त्यांची पाळी संपली की बसायला आणखी हजारो तयार होते.

आणि पोलीस? मुख्य अधिकारी रेनॉल्ड्स यांनी तर आपली कचेरीच मंदिरासमोर तंबूत हलवली. सरकारचं म्हणणं, आम्ही फक्त शांतता राखतोय. आता गंमत बघा... बसलेली माणसं शांतच होती. मग राखायचं काय होतं? दरवाजा! तो बंद राहणं म्हणजेच शांतता, असा हिशोब. महिनाभर तो उघडलाच नाही.

रामनवमीनंतर एकादशीला, ९ एप्रिलला रथ निघायचा होता. दोन्हीकडच्यांनी मिळून ओढायचा, असं ठरलंही होतं. प्रत्यक्षात रथ पळवला गेला, दगडफेक झाली. पोलिसांचं कडं फोडून पुढे घुसलेला एक भंडारी तरुण रक्तबंबाळ झाला.

तरी माणसं परत परत येऊन बसत राहिली. एक-दोन महिने नाही, काही वर्षं! बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले, तेव्हा इथली धुरा दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावच्या दादासाहेब गायकवाडांनी सांभाळली, तुरुंगवासही सोसला. मोठ्या नेत्याच्या एका सभेला गर्दी जमते हो, पण नेता समुद्रापार असताना रोज येऊन बसायचं, हे मला जास्त अवघड वाटतं.

१९३४ मध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्रातून कळवलं, हे आता थांबवावं. मूर्तिपूजक व्हावं म्हणून हा लढा नव्हताच, समाजाला जाग यावी म्हणून होता. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली.

म्हणजे बघा, दरवाजा उघडेपर्यंत बाहेरच्यांना आत जायची गरजच उरली नव्हती. पोलिसांनी राखलेल्या शांततेतून हे मिळालं.

असो. पंचवटीत गेलात की दर्शन झाल्यावर चारही दरवाजे बाहेरून एकदा बघून या.