गिटार : बसून कीं उभ्यानें ?

पंढरीच्या वाटेवरील दिंडींत वीणेकरी आपण सर्वांनीं पाहिला आहे. वीणा त्याच्या गळ्यांत असते आणि तो चालत तरी असतो, नाहीं तर उभा तरी असतो. नामसप्ताहांत ती वीणा खालीं ठेवावयाची नाहीं. एक दमला म्हणजे दुसऱ्यानें ती गळ्यांत घ्यावयाची, असा दंडकच आहे. उलट दरबारांतला बीनकार गालिच्यावर बैठक घालून बसतो. दोन्हीं तंतुवाद्येंच, पण एका ठिकाणीं उभें राहणें ही सेवा आहे, दुसऱ्या ठिकाणीं बसणें हा मान आहे. एकोणिसाव्या शतकांतील चित्रांत नर्तकीच्या मागें सारंगिये आणि तबलजी कमरेला वाद्यें बांधून उभे दिसतात. बैठकीचा मान त्यांच्या वाट्याला पुष्कळ उशिरां आला. तेव्हां वादकानें बसावें कीं उभें राहावें, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. आज मी तो गिटारीच्या संबंधानें मांडणार आहें. कारण या एकाच वाद्यांत हा वाद चारशें वर्षें चाललेला दिसतो.

गिटारीचें माहेर स्पेन. तेथें सोळाव्या शतकांत तिची थोरली बहीण म्हणावी अशी विव्हेला प्रतिष्ठित घरांतून वाजत असे. लुइस मिलान याचें विव्हेलावरील पुस्तक १५३६ सालीं व्हॅलेन्सिया येथें छापलें गेलें. त्यांत ग्रीक पुराणांतला गायक ऑर्फियस बसून विव्हेला वाजवीत असल्याचें चित्र आहे. पशुपक्षी भोंवतीं जमले आहेत आणि हा स्वस्थ बसला आहे. दिवाणखान्याची रीत ही अशी होती. रस्त्याची रीत निराळी. स्पेनमधील विद्यार्थ्यांचीं टोळकीं रात्रीं गिटारी घेऊन गल्लीबोळांतून गात हिंडत. त्यांना बसून कसें चालेल? फ्रेंच चित्रकार वातो यानें अठराव्या शतकाच्या आरंभीं काढलेल्या एका चित्रांत विदूषक पाठमोरा उभा आहे आणि त्याच्या पाठीवर गिटार लटकते आहे. म्हणजे घरंदाज गिटार मांडीवर आणि नाटक्याची गिटार खांद्यावर, ही वांटणी तेव्हांच झालेली होती.

यानंतरची हकीगत मला सर्वांत मनोरंजक वाटते. १८३० च्या सुमारास पॅरिसमध्यें दोन स्पॅनिश वादक होते : फर्नांदो सोर आणि दियोनिसियो अग्वादो. दोघे मित्र. सोर बोटांच्या मांसल टोकांनीं तारा छेडी, अग्वादो नखांनीं. तरीहि दोघे जोडीनें वाजवीत आणि सोरनें ‘दोन मित्र’ या नांवाची एक रचनाच दोन गिटारींसाठीं लिहिली. दोघांपुढेंहि अडचण एकच होती. त्या काळची गिटार अंगानें लहान. मांडीवर ठेवावी तर ती घसरते. घसरूं नये म्हणून डाव्या हातानें तिचा दांडा सावरावा, तर तो हात स्वर दाबण्यास मोकळा राहात नाहीं. सोरनें १८३० च्या आपल्या ग्रंथांत उपाय सांगितला तो असा कीं, वाद्याचा कांहीं भार मेजाच्या कोपऱ्यावर टेकवावा. अग्वादो त्याच्याहि पुढें गेला. त्यानें एक तिपाईच तयार केली. गिटार त्या तिपाईला अडकवावयाची आणि वादकानें तिच्याशेजारीं बसून केवळ दोन हात पुढें करावयाचे. त्याचें म्हणणें असें कीं, वादकाचें अंग वाद्याला चिकटलें म्हणजे तें लांकडाचें कंपन खाऊन टाकतें. अंग दूर ठेवलें तर नाद भरघोस येतो. हें म्हणणें शास्त्राला धरून आहे. सोरलाहि तें पटलें आणि आपली एक शोकपर रचना याच तिपाईवर वाजवावी अशी त्यानें शिफारस केली. एवढें होऊनहि ती तिपाई टिकली नाहीं. कां, याचा विचार करतां मला वाटतें, वाद्य छातीशीं धरण्यांत जें सुख आहे तें सोडावयास वादक तयार झाले नसावेत. थोड्या नादासाठीं मूल दुसऱ्याच्या कडेवर द्यावें, तसेंच तें !

तोड निघाली ती सुताराच्या हातून. अल्मेरियाचा आंतोनियो दे तोरेस (१८१७-१८९२) यानें गिटारीचें अंग रुंद व मोठें केलें आणि तारांची लांबी सुमारें ६५ सेंटिमीटर धरली. आजची शास्त्रीय गिटार ती हीच. हें मोठें अंग मांडीवर नीट बसतें. १८६४ सालीं बनलेली तोरेसची एक गिटार फ्रान्सिस्को तारेगा याच्या हातीं आली. डावा पाय लहानशा चौरंगावर ठेवून गिटार डाव्या मांडीवर घ्यावी, ही बैठक तारेगाच्या परंपरेनें रूढ केली आणि आंद्रेस सेगोव्हिया यानें विसाव्या शतकांत ती जगभरच्या सभागृहांत नेली. हजारों श्रोत्यांसमोर एक मनुष्य, एक खुर्ची, एक चौरंग. या गिटारीला पट्टा अडकविण्याची खुंटीहि नसते. फ्लामेंकोचे वादकहि बसतात. पण ते चौरंग मानीत नाहींत. जुने वादक गिटार उजव्या मांडीवर उभीच धरीत. पाको दे लुसिआ पायावर पाय टाकून बसे.

आतां अटलांटिकपलीकडे जाऊं. विजेची गिटार म्हटली कीं उभा राहून नाचणारा वादक डोळ्यांपुढें येतो. पण तिचा जन्म मांडीवरच झाला, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. हवाई बेटांत जोसेफ केकुकू यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी पट्टी सरकविण्याची रीत काढली असें मानतात. ती अमेरिकेंत इतकी लोकप्रिय झाली कीं, १९३२ च्या सुमारास लॉस एंजेलिसांत जी पहिली विद्युत् गिटार विक्रीस आली, ती याच आडव्या वादनासाठीं होती. तिच्या आकारावरून लोक तिला तळणीचा तवा म्हणत. पुढें १९३९ सालीं बेनी गुडमनच्या मेळांत आलेला चार्ली ख्रिश्चन खुर्चीवर बसूनच वाजवी. काउंट बेसीच्या वाद्यवृंदांत १९३७ सालीं आलेला फ्रेडी ग्रीन तर १९८७ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, तसाच बसून साथ करीत राहिला.

उभें केलें तें ध्वनिवर्धकानें. गिटारीचा आवाज यंत्रानें वाढूं लागल्यावर तिला पोकळ पेटीची गरज उरली नाहीं. ती भरींव फळीची झाली, गळ्यांतल्या पट्ट्यावर लोंबूं लागली आणि वादक मोकळा झाला. टी-बोन वॉकर डोक्यामागें गिटार नेऊन वाजवी. चक बेरी एका पायावर बदकासारखा उड्या मारीत रंगमंच ओलांडी. १९५४ सालीं लिओ फेंडरच्या कारखान्यानें काढलेल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीच्या पाठीला आणि हाताच्या जागीं मुद्दाम उतार दिलेला होता, तो उभ्या वादकाच्या बरगड्यांना टोंचूं नये म्हणून. पण मोकळीक फुकट मिळत नाहीं. शास्त्रीय गिटार दीड किलोच्या आसपास भरते. भरींव लांकडाची गिटार चार किलोंवरहि जाते आणि तो सर्व भार एका खांद्यावर येतो.

आमच्या शेजारच्या एका मुलाची गोष्ट सांगतों. त्यानें वर्षभर पलंगाच्या कडेवर बसून धडे पक्के केले आणि संमेलनाच्या दिवशीं पट्टा गळ्यांत घालून तो उभा राहिला. बोटें जणूं दुसऱ्याचीं झालीं. कारण साधें होतें. पट्टा लांब सोडल्यामुळें गिटार कमरेखालीं उतरली, डावें मनगट वांकलें आणि दांड्याचा कोन बदलला. जिमी पेजसारख्यांना पाहून मुलें पट्टा लांब सोडतात. बीटल्स मंडळी गिटार छातीशीं धरीत, तें कोणी पाहात नाहीं. पट्टा बसलेल्या अवस्थेंतच बांधावा आणि उभें राहिल्यावर वाद्य तेथेंच राहील इतकाच तो आंखूड ठेवावा. त्या मुलाला पुढें कोणीतरी हें सांगितलें आणि तो सुधारला.

आपल्याकडे गिटार आली, तिनें मात्र हा वाद बाजूलाच ठेवला. ब्रिजभूषण काबरा यांनीं ती हवाई रीतीनें मांडीवर आडवी घेतली आणि तिच्यावर राग वाजविले. १९६७ सालीं शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर त्यांची जी ध्वनिमुद्रिका निघाली, ती आजहि घरोघरीं ऐकली जाते. विश्वमोहन भट्ट यांनीं तरफांच्या तारा जोडून तिची मोहनवीणा केली. स्पेनमधली खुर्ची आणि अमेरिकेंतला पट्टा दोन्हीं गेलीं. वादक पुन्हा गालिच्यावर येऊन बसला.

आणि खुद्द पाश्चात्य रॉक संगीतांतहि एक हट्टी मनुष्य निघाला. १९६९ सालीं ‘किंग क्रिम्सन’ हा मेळ उदयास आला, तेव्हां त्यांतील रॉबर्ट फ्रिप यास उभ्यानें नीट वाजवितां येईना. त्यानें सरळ एक स्टूल मागविलें. भोंवतालचे रॉक-वादक उभ्यानें नाचत असतांना हा गृहस्थ पन्नासहून अधिक वर्षें स्टुलावर बसून वाजवीत आला आहे.