माथेरान: गाडी नाक्यावर थांबते, ओझं नाही

शहरातल्या गाड्या कमी कशा करायच्या हा विषय निघाला की आपण लगेच युरोपची उदाहरणं देतो. आज एवढं लांब जायचं नाहीये. आज नेरळला उतरायचं आणि घाट चढायचा.

माथेरान, रायगड जिल्ह्यातलं साधारण ८०० मीटर उंचीवरचं गाव. २०११च्या जनगणनेत इथली वस्ती साडेचार हजारांच्या आत होती. तुमची गाडी कितीही महागडी असो, ती दस्तुरी नाक्यावर थांबते. पुढे पाय आहेत, घोडा आहे, नाहीतर अमन लॉजवरून मिनी ट्रेन.

हे असं का झालं? १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आला आणि माथेरान गोऱ्या साहेबांचं थंड हवेचं ठिकाण झालं. १९०७ मध्ये मुंबईच्या पीरभॉय कुटुंबाने नेरळहून छोटी रेल्वे वर आणली. म्हणजे मोटारींचा जमाना यायच्या आधीच गावाची घडी बसली होती. झाडांखालच्या लाल मातीच्या वाटा माणसांसाठी आणि घोड्यांसाठी होत्या, आणि पुढे गावाने त्या तशाच राखल्या. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरानला इको-सेन्सिटिव्ह झोन जाहीर केलं. रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले तर वाहनबंदीला कायद्याचा आधार मिळाला.

इथपर्यंतची गोष्ट छान आहे. हॉर्न नाही, धूर नाही. पण आता थोडं थांबून बघूया.

आम्ही सॉफ्टवेअरवाले एखादी डिपेन्डन्सी काढतो, तेव्हा पहिला प्रश्न हा असतो की ती करत होती ते काम आता कोण करणार? माथेरानमध्ये गाडीचं काम नाहीसं झालं नाही. भाजी, सिलिंडर, पर्यटकांच्या बॅगा, आजारी आजोबा, हे सगळं वर न्यायचंच होतं. ते काम गेलं घोड्यांकडे, हमालांकडे आणि हातरिक्षांकडे. हातरिक्षा म्हणजे एक जण पुढून ओढणार, बाकीचे मागून ढकलणार, तेही चढावर आणि पावसाळ्यात चिखलातून. अशा परवाना असलेल्या ९४ हातरिक्षा होत्या.

बदल मागितला तो हातरिक्षावाल्यांनीच. आम्हाला ई-रिक्षा चालवू द्या, असं म्हणत ते थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. मे २०२२ मध्ये कोर्टाने प्रायोगिक तत्त्वावर परवानगी दिली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सात ई-रिक्षा धावू लागल्या. घोडेवाल्यांचा विरोध होता, आणि तोही समजण्यासारखा. त्यांच्या पोटाचा प्रश्न होता. काहींना वाटलं, आज ई-रिक्षा आली तर उद्या मोटार येईल.

६ ऑगस्ट २०२५ ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला. माणसाने माणसाला ओढणं हे मानवी प्रतिष्ठेच्या विरोधात आहे, ही प्रथा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करा. ओढणाऱ्यांचं ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करा. आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. लक्षात घ्या, मोटारींवरची बंदी कोर्टाने उठवली नाही. जंगलही राहू दे आणि माणूसही राहू दे, असा तो मार्ग आहे.

मला यातला धडा आपल्या शहरांसाठी महत्त्वाचा वाटतो. एखादा बाजाररस्ता गाड्यांसाठी बंद करायचा, तर जरूर करा. पण आधी यादी काढा. दुकानात माल कसा पोचणार? गुडघे दुखणारी आजी कशी येणार? आणि हे सगळं शेवटी कोणाच्या खांद्यावर जाणार? त्या खांद्यांना नकाशा आखण्याच्या बैठकीत खुर्ची आहे का, एवढं बघा. माथेरानच्या हातरिक्षावाल्यांना तेवढ्यासाठी दिल्ली गाठावी लागली.

तुमच्या गावात असा एखादा रस्ता आहे का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!