अमेरिकेतील मोठ्या शहरांमधील गुन्ह्यांचे प्रमाण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मोठ्या शहरांमधील गुन्ह्यांचे प्रमाण हे साधारणपणे दर एक लाख रहिवाशांमागे वर्षभरात पोलिसांकडे नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांच्या संख्येने मोजले जाते. शिक्षण वा नोकरीसाठी अमेरिकेत नव्याने जाणाऱ्यांच्या हाती बहुधा प्रथम ‘सर्वांत धोकादायक शहरांची’ यादी पडते. अशा याद्यांतील आकडे खरे असले तरी त्यांवरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरू शकतो. ज्या एफबीआयच्या आकडेवारीवर या याद्या आधारलेल्या असतात, ती संस्थाच शहरांची अशी क्रमवारी लावू नये असे सांगत आली आहे.

मोजणीची पद्धत

पोलीस विभागांकडून आकडे गोळा करण्याचे काम एफबीआय १९३० पासून करीत आहे. खून, बलात्कार, जबरी चोरी व गंभीर हल्ला हे हिंसक गुन्हे मानले जातात. घरफोडी, साधी चोरी, वाहनचोरी आणि जाळपोळ हे मालमत्तेविरुद्धचे. जुन्या पद्धतीत एका घटनेत अनेक गुन्हे घडले असल्यास सामान्यतः त्यांतील सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जाई. (भारतातील राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागही असाच नियम पाळतो.) २०२१ मध्ये घटनेतील प्रत्येक गुन्हा नोंदवणारी नवी पद्धत लागू झाली, मात्र त्या वर्षी न्यू यॉर्क व लॉस एंजेलस या दोन सर्वांत मोठ्या शहरांच्या पोलिसांनी नव्या पद्धतीने माहिती दिलीच नाही. परिणामी २०२१ ची राष्ट्रीय आकडेवारी अपुरी राहिली.

अनेक चोऱ्या व हल्ले पोलिसांपर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून १९७० च्या दशकापासून घरोघरी विचारणा करून बळींचे स्वतंत्र सर्वेक्षणही केले जाते. शहरांच्या तुलनेसाठी खुनाचा आकडा त्यातल्या त्यात विश्वसनीय मानतात, कारण खून सहसा नोंदीवाचून राहत नाही.

हद्दीचा प्रश्न

सेंट लुईस हे याचे ठळक उदाहरण आहे. १८७६ मध्ये हे शहर भोवतालच्या सेंट लुईस काउंटीपासून प्रशासकीयदृष्ट्या वेगळे झाले आणि त्याची हद्द कायमची गोठली. पुढे उपनगरे वाढली, सुस्थितीतील कुटुंबे तिकडे गेली, पण त्यांची गणना शहरात होत नाही. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख होती, तर संपूर्ण महानगर क्षेत्राची सुमारे २८ लाख. त्या वर्षी शहरात २६३ खून झाले, म्हणजे लाखामागे सुमारे ८७. शिकागोत खुनांची संख्या त्याहून कितीतरी अधिक, ७५० च्या वर होती; तरीही लोकसंख्या २७ लाखांहून अधिक असल्याने प्रमाण सुमारे २८ भरले. न्यू यॉर्कमध्ये ते ५ च्या आसपास, म्हणजे राष्ट्रीय सरासरीपेक्षाही कमी होते.

याउलट ह्यूस्टनसारख्या शहराच्या हद्दीत उपनगरांसारखे विस्तीर्ण भाग सामावलेले असल्याने तेथील सरासरी आपोआप खाली येते. दिवसा कामासाठी येणारे लोक व पर्यटक लोकसंख्येत धरले जात नाहीत, त्यांच्यावर घडलेले गुन्हे मात्र शहराच्या खात्यात जमा होतात.

चढउतार

१९९० मध्ये न्यू यॉर्कमध्ये २,२०० हून अधिक खून झाले होते. २०१७ मध्ये ही संख्या ३०० च्या खाली आली. देशभर झालेल्या या घटीचे श्रेय पोलीसबळ, तुरुंगवासाचे वाढलेले प्रमाण, क्रॅक कोकेनच्या बाजाराचा ऱ्हास की आर्थिक सुबत्ता यांपैकी कशाला द्यावे, याबाबत एकमत नाही. २०२० मध्ये देशातील खून सुमारे ३० टक्क्यांनी वाढले व २०२२ पासून पुन्हा उतरू लागले. बाल्टिमोरमध्ये २०१५ ते २०२२ या काळात दरवर्षी ३०० हून अधिक खून झाले, २०२३ मध्ये मात्र ही साखळी तुटली.

शहरांतर्गत फरक

सबंध शहराचा एकच आकडा नवागताच्या फारसा उपयोगी पडत नाही. शिकागोचे ७७ सामुदायिक विभाग आहेत. उत्तरेकडील लिंकन पार्क आणि पश्चिमेकडील वेस्ट गारफिल्ड पार्क यांतील हिंसेच्या प्रमाणात प्रचंड तफावत आढळते. मिनीॲपोलिसमधील १९८९ च्या एका प्रसिद्ध अभ्यासानुसार पोलिसांना आलेल्या निम्म्या दूरध्वनींचा उगम अवघ्या ३ टक्के पत्त्यांवर होता.

१९९० च्या क्लेरी कायद्यानुसार संघराज्याची आर्थिक मदत घेणाऱ्या विद्यापीठांना आवारातील गुन्ह्यांची आकडेवारी दरवर्षी जाहीर करावी लागते. तीत आवार आणि त्यालगतचे सार्वजनिक रस्ते येतात, विद्यार्थ्यांनी बाहेर खासगीरीत्या भाड्याने घेतलेली घरे सहसा येत नाहीत. त्या वस्त्यांची कल्पना येण्यासाठी शहर पोलिसांची विभागवार माहिती पाहावी लागते. न्यू यॉर्कचे पोलीस प्रत्येक ठाण्याच्या हद्दीतील आकडे दर आठवड्याला प्रसिद्ध करतात.