बहुफलक फाशांचा संग्रह व त्यांवरील मेणखुणा

फाशांच्या संग्रहात वस्तूचा निर्माता कोण, ह्या प्रश्नाला जितके महत्त्व दिले जाते तितके ती वस्तू कोणी कशी वाचली, ह्या प्रश्नाला दिले जात नाही. पुढील उदाहरणात हा दुसरा प्रश्नच अधिक मोलाचा आहे.

१९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनीव्हा येथून गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. खेळाडूंनी मेजाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घ्यावी आणि त्या पात्राचे यशापयश फाशांवर ठरवावे, अशी त्याची रचना होती. नित्याच्या घनाकृती फाशाबरोबर चतुष्फलक, अष्टफलक, द्वादशफलक व विंशतिफलक असे फासेही त्याला लागत. प्रकाशकांनी ते स्वतः घडविले नव्हते. शालेय गणिताची साधने विकणाऱ्या कॅलिफोर्नियातील एका विक्रेत्याकडून ते घेतले जात.

हे फासे मऊ प्लॅस्टिकचे असत. थोड्याच काळात कडा व कोपरे झिजत आणि विंशतिफलक तर जवळजवळ गोटीसारखा होई. अंक कोरलेले असत, परंतु रंगविलेले नसत. खेळाडू मेणखडू घासून ते भरीत. शिवाय विंशतिफलकावर १ ते २० असे अंक नसून ० ते ९ हेच अंक दोनदा कोरलेले असत. टक्केवारी काढण्यास हे सोयीचे होते. वीसपर्यंतची संख्या हवी असल्यास मात्र दहा बाजू एका रंगाने व उरलेल्या दुसऱ्या रंगाने भरून, अमुक रंग आला तर दहा मिळवावेत, असा संकेत ठरवावा लागे. येथे एका चिन्हाला दोन अर्थ आहेत आणि अर्थभेद दाखविणारी खूण वाचकाने स्वहस्ते केलेली आहे. लेखकाने गाळलेला अनुस्वार वाचकाने पोथीत भरावा, तसाच हा प्रकार.

ही अवस्था फार काळ टिकली नाही. १९७९ मध्ये फाशांचा तुटवडा पडला तेव्हा प्राथमिक संचाच्या पेटीत फाशांऐवजी अंक छापलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या घालण्यात आल्या. १९८०च्या सुमारास दहा बाजूंचा फासा खेळाडूंत रूढ झाला आणि विंशतिफलकावर ० ते ९ दोनदा कोरण्याचे प्रयोजन संपले. लू झॉकी यांनी कठीण प्लॅस्टिकचे, तीक्ष्ण कडांचे फासे आणले. पॉलिश करताना फासे घोळवल्याने त्यांच्या बाजू असमान होतात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

आज ह्या पहिल्या पिढीच्या फाशांचा संग्रह करताना कोरा, न झिजलेला नमुना श्रेष्ठ मानण्याकडे कल दिसतो. बाजारभावाच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. इतिहासाच्या दृष्टीने नाही. मेण धुऊन काढले की खेळाडूचा संकेत नष्ट होतो आणि तो अन्यत्र कोठेही लिहिलेला नसतो. आकाराप्रमाणे किंवा रंगाप्रमाणे वर्गवारी करण्याच्या हौसेतही एका खेळाडूचा संच फुटतो, ही हानी कमी नव्हे.

यासाठी एका मालकाचे फासे एकत्र, परंतु प्रत्येक फासा वेगळ्या कप्प्यात ठेवावा. एकाच पिशवीत ते एकमेकांवर घासून जुन्या झिजेत नव्या झिजेची भर पडते. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या टाळाव्यात. संग्रहात सेल्युलोज नायट्रेटचे जुने जुगारी फासे असतील तर त्यांना ह्या पेटीत मुळीच जागा देऊ नये, कारण ते विघटित होताना निघणाऱ्या आम्लधर्मी वायूंनी शेजारच्या वस्तूही बिघडतात. आणि मालक हयात असेल तर दहा मिळविण्याचा रंग कोणता होता, हे त्यालाच विचारून पेटीवर नोंदवावे.